जिला पडता येत नव्हते: सोलापुरातील एका बालमालिकेतील मुलीच्या पात्राची घडण

जुळे सोलापूर भागातील एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओने, विडी कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता बालमालिका करायला घेतली आणि त्या मालिकेतील एकुलत्या एका मुलीचे पात्र तीन वेळा नव्याने घडवावे लागले. संहिता तपासून देण्याच्या निमित्ताने मी या कामाशी सुरुवातीपासून जोडलेली होते. स्टुडिओचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव येथे देत नाही. जे घडले ते समजून घेण्यासाठी नावांची गरजही नाही. माझे म्हणणे मात्र आधीच सांगते. ॲनिमेशनमधील मुलीचे पात्र संवादांत दुबळे दिसते खरे, पण ते दुबळे झालेले असते त्याच्या पुष्कळ आधी, मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राचा देह आणि चेहऱ्याचे भाव ठरवून देणाऱ्या चित्रांच्या तक्त्यावर. चितारलेल्या देहाला जे करता येत नाही ते लेखक हळूहळू लिहायचेच सोडून देतो, आणि मग ती मुलगी स्वभावानेच मागे राहणारी आहे असे सगळ्यांना वाटू लागते.

मालिकेचा बेत साधा होता. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. मालिकेतील वसाहत तिच्यावरूनच बेतलेली होती. एक अकरा वर्षांचा मुलगा, त्याचा जाडसर मित्र आणि मुलाची वर्षभराने लहान बहीण अशी तिघांची टोळी, प्रत्येक भागात एक उपद्व्याप, सहा-सात मिनिटांची लांबी. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दोन्हींच्या जोडीला हिंदी, हे सोलापूरच्या पूर्व भागातील मुलांचे रोजचे वास्तव संवादांत यावे असा संस्थेचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. स्टुडिओतील मुले मेहनती होती, मुलींविषयी कोणाच्याही मनात आकस नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे सगळे कोणाच्या वाईट हेतूशिवाय घडले.

पहिल्या मॉडेल शीटवर दोन मुलगे ओळीने उभे होते आणि तिसरी मुलगी. मुलाचा चेहरा घेऊन त्याला पापण्या लावल्या होत्या, गाल गुलाबी केले होते, केसांना बो बांधला होता आणि अंगात गुलाबी फ्रॉक घातला होता. या पद्धतीला जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. १९२८ मध्ये मिनी माउस पडद्यावर आली ती मिकीच्याच देहावर स्कर्ट, टाचांचे बूट आणि पापण्या चढवून. मूळ साचा मुलाचा आणि मुलगी म्हणजे त्यावर चढवलेली सजावट, हा संकेत तेव्हापासून इतका रुजला आहे की नव्याने चित्र काढणाऱ्याला तो संकेत आहे हेही जाणवत नाही. याचे कारण विचारल्यावर स्टुडिओतील डिझायनरने जे उत्तर दिले ते टाळण्यासारखे नव्हते. ही मालिका बहुतेक मुले मोबाईलच्या लहान पडद्यावर पाहणार. तिथे कोण मुलगा आणि कोण मुलगी हे एका नजरेत कळले पाहिजे, आणि पापण्या व बो हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. पात्र एका नजरेत ओळखू यायलाच हवे. परंतु कसलेला डिझायनर ती ओळख बाह्याकृतीतून साधतो. पात्र पूर्ण काळ्या रंगात भरले तरी ते कोण आहे हे कळावे, अशी ही कसोटी असते. त्या कसोटीवर मुलगा आणि त्याचा मित्र दोघेही उतरले, कारण एक किडकिडीत होता आणि दुसरा गोल. मुलीची काळी आकृती मात्र मुलासारखीच दिसत होती, डोक्यावर बो तेवढा जास्तीचा. म्हणजे तिला स्वतःचा असा देहच दिलेला नव्हता.

खरी अडचण रिगमध्ये होती. कमी खर्चाच्या द्विमितीय मालिका बहुधा कट-आउट पद्धतीने होतात: पात्राचे डोके, धड, दंड, कोपर, मांडी, पोटरी असे तुकडे वेगवेगळे काढायचे, ते सांध्यांवर जोडायचे आणि सांधे फिरवून पात्र चालवायचे. या जोडणीलाच रिग म्हणतात. मुलाच्या रिगमध्ये मांडी आणि पोटरी वेगळ्या होत्या, त्यामुळे तो उकिडवा बसत होता, भिंतीवर चढत होता, मांडी घालत होता. मुलीचा फ्रॉक हा घंटेच्या आकाराचा एकच तुकडा होता आणि त्याखाली मांड्या काढलेल्याच नव्हत्या. गुडघ्याखालचे पाय तेवढे घेराला जोडलेले होते. साहजिकच ती उभी राहू शकत होती आणि लहान पावले टाकत चालू शकत होती. पळायला लावले की घेर पायांवरून सुटून हवेत तरंगल्यासारखा दिसे, म्हणून ॲनिमेटर तिच्या पळण्याच्या शॉटमध्ये तिला दोघांच्या मागे ठेवत किंवा कंबरेपर्यंतच दाखवत. चढण्याचा, उडी मारण्याचा, खाली बसण्याचा शॉट आला की तो मुलाकडे वळवला जाई. दोन-तीन भागांनंतर लेखकाला हे अंगवळणी पडले. त्याने तिच्यासाठी कृती लिहिणे थांबवले.

कृती गेल्यावर हातात काय उरते, हे पाहण्यासाठी मी पहिल्या काही भागांच्या संहितेतून केवळ तिची वाक्ये काढून एकाखाली एक लिहिली. हा प्रयोग कोणीही आपल्या संहितेवर करून पाहावा असा आहे. तिची जवळजवळ सगळी वाक्ये तीन प्रकारांत बसत होती. एक प्रश्न: “आता काय करायचं?”, “हे कसं झालं?” दुसरा इशारा: “नको जाऊ रे तिकडे”, “आई ओरडेल हं.” तिसरी विचारपूस: “लागलं का तुला?” कथेला जिथे माहिती पुरवायची गरज असते तिथे प्रश्न लागतो, जिथे धोका दाखवायचा असतो तिथे इशारा लागतो, आणि नायक पडला की त्याला कोणीतरी विचारावे लागते. लेखकाने ही तिन्ही कामे तिच्यावर सोपवली होती. तिला स्वतःला काय हवे आहे हे सांगणारे एकही वाक्य त्या यादीत नव्हते. कॅथा पॉलिट या लेखिकेने १९९१ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतील अशा रचनेवर नेमके बोट ठेवले होते: मुलग्यांचा गट, त्यांत एकच मुलगी, आणि ती मुलगी मुलग्यांच्या संदर्भातच अस्तित्वात. त्या रचनेला त्यांनी नाव दिले ते स्मर्फ मालिकेतील स्मर्फेटवरून. निळ्या बुटक्यांच्या त्या गावात कोणी हुशार, कोणी आळशी, कोणी गर्विष्ठ असा प्रत्येकाचा एक गुण आहे, आणि तिचा गुण म्हणजे ती मुलगी आहे.

पहिला भाग तयार झाल्यावर वसाहतीतील मुलांना तो दाखवला गेला. मुले हसली, मित्राच्या पात्रावर विशेष खूश झाली. नंतरच्या गप्पांत चौथीतल्या एका मुलीने विचारले, “ती कधी पडत नाही का?” त्या प्रश्नाने मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली दिली. व्यंगचित्रपटात पडणे, चेपणे, ताणले जाणे, चेहरा वेडावाकडा होणे ही पात्राची अप्रतिष्ठा नसते. तीच त्याची जान असते. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये या कलेची जी बारा तत्त्वे मांडली त्यांतले पहिलेच तत्त्व चेपणे आणि ताणणे हे आहे. ज्या पात्राचा देह असा बिनदिक्कत चेपता येतो त्याच्यावर मुले जीव लावतात. आमच्या मॉडेल शीटवर मुलाचे चेहरे पाहिले तर त्यांत शेंबूड ओढणारा, जीभ बाहेर काढलेला, रडून लाल झालेला, भीतीने डोळे बाहेर आलेला असे भरपूर प्रकार होते. मुलीला हसरा, काळजीचा, रुसलेला आणि आश्चर्याचा असे मोजके भाव मिळाले होते आणि त्या प्रत्येकात ती गोडच दिसेल याची दक्षता घेतलेली होती. तिला सुंदर राहण्याचे काम लावले होते, आणि त्या कामापायी विनोद तिच्या हातून काढून घेतला गेला होता. मुलींना मालिकेत कमी संवाद मिळतात याची चर्चा होते, ती व्हायलाही हवी. पण त्यांना विद्रूप होण्याची, फजीत होण्याची मुभा मिळत नाही, याची चर्चा फारच थोडी होते.

दुसरा आराखडा याला उत्तर म्हणून आला आणि तो पहिल्याहून जास्त फसला. संस्थेतील मंडळींनी सुचवले की मुलगी शूर करावी. स्टुडिओने ती तत्परतेने शूर केली. फ्रॉक गेला, त्या जागी ट्रॅकसूट आला, ती कराटे शिकली, गणितात पहिली आली, भावाच्या प्रत्येक चुकीवर तिच्याकडे उत्तर तयार असे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुली कशातच कमी नसतात असे एक वाक्य तिच्या तोंडी येई. बैठकीत हा आराखडा सर्वांना आवडला. मुलांना आवडला नाही, मुलींना तर अजिबात नाही. ज्या पात्राला चूकच होत नाही त्याचे पुढे काय होणार याची उत्सुकता राहत नाही, आणि जे पात्र सतत बरोबर असते ते वर्गातल्या मॉनिटरसारखे वाटू लागते. शिवाय कथेची रचना होती तिथेच होती: उपद्व्याप भाऊच करत होता, गोष्ट त्याच्यापासूनच सुरू होत होती, ही फक्त ती निस्तरत होती. आधी ती काळजीने निस्तरत होती, आता कराटेने.

या टप्प्यावर आम्ही दोन जुन्या उदाहरणांवर बराच वेळ घालवला. पहिले ‘मीना’चे. दक्षिण आशियातील देशांनी १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे म्हणून जाहीर केले होते. त्या काळात युनिसेफने ही मालिका केली आणि तिच्या चित्रांमागे भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांचा हात होता. मीना अनेक देशांत चालायची होती, म्हणून तिचा पेहराव व चेहरा ठरवताना गावोगावच्या लोकांना चित्रे दाखवून मते घेतली गेली. पात्र आधी लोकांत नेऊन पाहायचे ही त्यांची शिस्त आम्हाला उपयोगी पडली. तिच्या आंब्याच्या गोष्टीत भावाला मोठा वाटा मिळतो आणि मीना नुसती तक्रार करत नाही, तर दोघे एक दिवस एकमेकांची कामे आणि एकमेकांचे जेवण बदलून घेतात. उपदेश त्या गोष्टीतही आहे, पण तो कृतीतून उगवतो, आणि ती कृती मुलीला हव्या असलेल्या एका अगदी साध्या गोष्टीपासून, आंब्याच्या फोडीपासून, सुरू होते.

दुसरे उदाहरण आजच्या मुलांच्या ओळखीचे. ‘छोटा भीम’ २००८ पासून घराघरांत आहे. जून २०२० मध्ये भीमाने आपली मैत्रीण चुटकी हिला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केले अशी बातमी पसरली, चुटकीला न्याय द्या अशी मोहीम समाजमाध्यमांवर जोरात चालली, आणि ही सगळी पात्रे अजून लहान मुले आहेत व ती बातमी खोटी आहे असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. मला त्यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे. चुटकीवर अन्याय झाला असे हजारोंना वाटले ते तिचे लग्न नायकाशी झाले नाही म्हणून. इतकी वर्षे पाहिलेल्या मालिकेत तिची स्वतःची गोष्ट किती आली, हा प्रश्न त्या गलक्यात ऐकू आला नाही. प्रेक्षकाला जे पात्र नेहमी कोणाच्या तरी शेजारी दिसते, त्याच्यासाठी न्यायही तो शेजारीच मागतो.

तिसऱ्या आराखड्याची सुरुवात लेखकाने केली नाही, डिझायनरने केली. ती वसाहतीत जाऊन बसली आणि मुली कशा बसतात, कशा पळतात, काय घालतात एवढेच काढत राहिली. तिच्या वहीत जे आले ते शहरातल्या कोणत्याही स्टुडिओत सुचले नसते. फ्रॉकखाली लेगिंग किंवा भावाची जुनी पँट; चप्पल हातात घेऊन अनवाणी पळणे; शाळेच्या दोन वेण्यांपैकी एक दुपारपर्यंत सुटलेली; दारात विड्या करणाऱ्या आईच्या पाठीला पाठ लावून, पाय पसरून वाचणारी मुलगी. यातून नवी मुलगी उभी राहिली: भावापेक्षा उंच, कारण त्या वयात मुली अनेकदा उंच असतातच, रुंद पावलांची, एक वेणी कायम सुटलेली. काळी आकृती केली तरी ती आता लगेच ओळखू येत होती आणि त्यासाठी पापण्यांची गरज उरली नव्हती. रिगमध्ये मांड्या, गुडघे, टाचा सगळे आले. चेहऱ्यांच्या शीटवर तिला भावाइतकेच प्रकार मिळाले.

देहावरून स्वभाव ठरण्याचे फार सुंदर उदाहरण ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या २००५ साली सुरू झालेल्या अमेरिकन मालिकेत आहे. तिथले टॉफ हे पात्र आधी धिप्पाड, दणकट मुलगा म्हणून योजले होते. नंतर ती लहान चणीची आंधळी मुलगी झाली. तिला जमिनीच्या कंपनांतून जग कळते, म्हणून ती अनवाणी चालते, पाय रोवून उभी राहते, आणि तिचा धसमुसळा, फटकळ स्वभाव त्या उभ्या राहण्यातूनच आल्यासारखा वाटतो. मुलगी झाली म्हणून तिचा आडदांडपणा लेखकांनी काढून घेतला नाही. आमच्या लेखकाला हे उदाहरण पटले आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न योग्य होता: हिला काय हवे आहे?

उत्तर गड्ड्याच्या यात्रेवरच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरच्या भागात मिळाले. सिद्धेश्वराच्या यात्रेची कथाच मुळी एका कुंभारकन्येच्या इच्छेपासून सुरू होते. तिचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह हेच अक्षता सोहळ्याचे निमित्त आहे. आमच्या मुलीची इच्छा यापेक्षा पुष्कळ लहान होती. होम मैदानावरच्या आकाशपाळण्यात अगदी वर गेल्यावर आपले घर दिसते का, हे तिला पाहायचे होते. त्यासाठी ती वहीचे पैसे खर्च करते, भावाशी खोटे बोलते, वर गेल्यावर तिला गरगरते, घर काही दिसत नाही, आणि खाली उतरताना ती उसाच्या रसाच्या गाड्यापाशी चिखलात सपशेल आडवी होते. तो शॉट करताना ॲनिमेटरने तिला मनसोक्त चेपली. मुलांना भाग दाखवला तेव्हा सर्वांत मोठा हशा तिथे आला, आणि मुलींचा आवाज त्यात मोठा होता.

आवाजाचा प्रश्नही याच वेळी सुटला. भाऊ आणि बहीण दोघांनाही एकच कलावती आवाज देत होती. मुलग्यांचे आवाज स्त्रियांनी देणे ही या व्यवसायातील नेहमीची रीत आहे. मूळ जपानी डोरेमॉनला १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा यांनी आवाज दिला आणि बार्ट सिम्प्सन बोलतो तो नॅन्सी कार्टराइट यांच्या आवाजात. आमच्याकडे मात्र भावासाठी ती मोकळ्या आवाजात बोलत होती आणि बहिणीसाठी आवाज बारीक करत होती. बारीक केलेल्या आवाजात ओरडता येत नाही, रागही नीट येत नाही. तिला मोकळ्या आवाजात बोलायला सांगितले, आणि भाऊ तोंडात गोळी ठेवल्यासारखा थोडा बोबडा केला.

वाद सगळे मिटले नाहीत. सर्वांत अवघड वाद विड्यांचा होता. घरात आई विड्या करते आणि मुलगी हात लावत नाही, हे वसाहतीतल्या मुलांना खोटे वाटले असते. पण लहान मुलगी विड्या वळताना दाखवणे आम्हाला कोणालाच मान्य नव्हते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात मनाई केलेल्या प्रक्रियांच्या यादीत विडी बनवणे होतेच, आणि २०१६ च्या दुरुस्तीने, घरच्या बिनधोक कामातील मदतीचा अपवाद ठेवून, चौदा वर्षांखालील मुलांना कुठल्याही कामावर ठेवण्यास बंदी केली. कायद्यापलीकडेही, पडद्यावर मुलीच्या हातात तंबाखूचे सूप दिसले की ते तिचेच काम ठरून जाते. शेवटी ती आईबरोबर विड्या जमा करायला जाते आणि तिथे छाट म्हणून, म्हणजे सदोष ठरवून, बाजूला काढलेल्या विड्या मोजून हुज्जत घालते असा प्रसंग ठेवला. त्या हुज्जतीत तिची मोजणी चुकते, आईला तिच्यामुळे माफी मागावी लागते, आणि तरीही पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मोजायला उभी राहते. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत चांगला प्रसंग आहे, कारण तिच्या धिटाईला येथे कोणी शाबासकी देत नाही.

काही आयांनी तक्रार केली की मुलगी जीभ काढून दाखवते, पाय पसरून बसते, हे बघून आमच्या पोरी बिघडतील. या तक्रारीला हसण्यावारी नेणे सोपे होते, पण ज्या बायका दिवसभर एका जागी बसून पोरींना वाढवतात त्यांची धास्ती खोटी नसते. तुमचा मुलगा जीभ काढतो तेव्हा तुम्ही काय करता, असे संस्थेच्या ताईंनी त्यांना विचारले. त्यावर बायका आपसांत बरेच बोलल्या. एकमत झाले नाही, आणि जिभेचा शॉट आम्ही काढला नाही.

किंमतही मोजावी लागली. नवे रिग बनवण्यात वेळ गेला, आधी तयार झालेले भाग बाजूला ठेवावे लागले आणि ठरल्यापेक्षा कमी भागांवर पहिला संच संपवावा लागला. संस्थेने शेवटच्या उपदेशाच्या वाक्याचा आग्रह धरला होता. तो सोडवून घेण्यात जितकी शक्ती गेली तितकी बहुधा कशातच गेली नसेल. मालिकेत अजूनही टोळीत मुलगी एकच आहे. दुसरी मुलगी आणावी, म्हणजे दोघींना आपसांत भांडता येईल, असा माझा आग्रह आहे आणि लेखक त्यावर काम करत आहे. मोठ्या बायकांची पात्रे तर अद्याप तशीच आहेत: आई, शेजारीण आणि शाळेतल्या बाई या तिघी एकाच रिगवर साड्या बदलून चालतात, आणि आजी म्हणजे आईच्याच चेहऱ्यावर काढलेल्या चार सुरकुत्या आहेत. दुसऱ्या संचाच्या कामाला लागताना आधी आजीचे रिग करायचे असे डिझायनरने ठरवले आहे. विड्या करून वाकलेली पाठ आणि उठताना गुडघ्यावर टेकलेला हात त्यात असला पाहिजे, आणि आजीलाही पडता आले पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे.